शनिवारची पट्टी

आमच्या सरांसमोर 'नेट गेलं' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते हातातला कडक भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "गेलं म्हणजे? वायर तुटली, का पोर्ट मेलं, का कुणी हातानं बंद केलं, का इथलं सगळं शाबूत आहे आणि पलीकडचाच झोपलाय? ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत, मॅडम. तुमचं यातलं काय झालंय?" समोर उभी असलेली सिस्टर बिचारी अपघात विभागातून धावत आलेली असायची. तिला फक्त रक्ताचा रिपोर्ट उघडायचा असायचा. ती माझ्याकडे बघायची, मी खाली मान घालून कीबोर्ड बडवत बसायचे. मग सर शर्टाच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपत उठायचे आणि तिच्या मागोमाग जायचे. काम व्हायचं, पण माणूस पुढच्या वेळी यायला कचरायचा.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक्सरेच्या जिन्याखाली आमची खोली. एसीचं पाणी ठिबकायचं, खाली बादली. त्या खोलीत मी सरांच्या हाताखाली कितीतरी वर्षं काढली. आता आठवलं तरी दमायला होतं. त्यांचा राग करावा तर करता यायचा नाही, आणि प्रेम करावं तर तेवढ्यात ते काहीतरी बोलून ठेवायचे.

नवीन माणूस रुजू व्हायला आला की सर पहिला प्रश्न विचारायचे, "आज कुठल्या रस्त्यानं आलात?" तो सांगायचा, विजापूर रोडनं, किंवा स्टेशनकडून. "आणि तो बंद असता तर?" तो जरा विचार करून दुसरा रस्ता सांगायचा. "त्या रस्त्यानं शेवटचं कधी आला होतात?" इथं माणूस आठवायला लागायचा. "बघा," सर म्हणायचे, "सात रस्ते आहेत म्हणून काय झालं? रोज एकाच रस्त्यानं येता. दुसरा आहे म्हणता ते नुसतं ऐकून." स्वतः मात्र शुक्रवार पेठेतल्या घरून रोज वेगळ्या वाटेनं चालत यायचे आणि उशीर झाला की प्रशासकांना कारणही तेच द्यायचे. प्रशासक म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

सरांचं घराणं विणकरांचं. घरात तेलुगू बोलायचे, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. दहावीपर्यंत वडिलांबरोबर यंत्रमागावर उभे राहिले होते. रंगात आले की सांगायचे, "बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की चांगला माग जागच्या जागी थांबतो, मॅडम. त्याला एक काटा असतो, तो थांबवतो. तो काटा झिजला की माग धाग्याविनाच ठोकत राहतो. आवाज तोच, वेग तोच. तासाभरानं बघावं तर चादरीला हातभर भोक. आमचे वडील, नाना, दुसऱ्या खोलीतून कान देऊन ओळखायचे." मग माझ्यासमोरच्या स्क्रीनकडे बोट करायचे. "ह्याचा काटा झिजलेला आहे, असं धरून चालायचं."

हे सगळं माझ्या घरापर्यंत पोचलं ते करकंबमुळं. करकंब माझं गाव. तिथं हॉस्पिटलचं एक छोटं केंद्र आहे. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि शिपाई. शिपाई म्हणजे माझे वडील, आबा. कुणाच्या छातीत दुखायला लागलं की तिथं ईसीजी काढायचा, तो कॉम्प्युटरवरून सोलापुरात आमच्या हृदयविभागात यायचा, इथले डॉक्टर बघून लगेच सांगायचे, इंजेक्शन द्या किंवा गाडीत घाला. त्या ईसीजीच्या पट्टीवर माणसाचा जीव लटकलेला. आणि माझ्या बाबतीत तर आबा तिथलेच, वय झालेलं, तंबाखूची सवय, पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबायचे. माझा सगळा जीव त्या केंद्रात अडकलेला असायचा. काही झालं तर निदान पट्टी लगेच सोलापुरात येईल, एवढाच धीर.

ती पट्टी यायला दोन वाटा होत्या. एक खांबांवरून आलेली फायबरची तार आणि ती तुटली तर म्हणून मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारा एक डबा. केंद्रातला छोटा कॉम्प्युटर ठरवायचा, कुठून पाठवायचं ते. आणि तार तर तुटायचीच. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर डोंगरासारखा ऊस लादून निघतात, वरची तार उसात अडकते आणि सरळ ओढत घेऊन जातात. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसतो.

केंद्र सुरू झालं तेव्हा आम्ही इथूनच कमांड देऊन ते फायबरचं पोर्ट बंद करून बघितलं होतं. झटक्यात दुसऱ्या वाटेनं चालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं हंगाम आला, पहिली तार तुटली, नेमका एक पेशंट टेबलावर होता आणि त्याची पट्टी काही येईना. सिमचा डबा मजेत दिवे लावून बसलेला, आणि कॉम्प्युटर आपला तुटलेल्या तारेतच पट्टी ढकलतोय, ढकलतोय. शेवटी सिस्टरनं मोबाइलवर फोटो काढून पाठवला. तो माणूस वाचला. पण सर दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं. त्यांना जेवा म्हणा, म्हणाल्या. मी म्हणाले. त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

मग प्रशासकांना पटवायला सरांनी आमच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर मांडले. स्क्रीनवर रस्त्यांची यादी दाखवली. कुठं जायचं असेल तर वायर खोचायच्या कुठल्या पोर्टातून जायचं, ती. "आता बघा साहेब, मी हातानं पोर्ट बंद करतो." कमांड दिली. त्या पोर्टाचे सगळे रस्ते यादीतून साफ, आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं दुसऱ्या वाटेला लागला.

"चालतंय की," प्रशासक म्हणाले.

"चालणारच. आपण बंद केलं ना. आपण बंद केलं की तो सगळं विसरतो. इतकं, की परत चालू केलं तर शेजारचा रस्ता तेवढा आठवतो, हातानं सांगितलेले लांबचे आठवतच नाहीत, परत सांगावे लागतात." त्यांनी ते परत सांगितले. मग वाकून वायरच उपटली. पोर्टाचा दिवा विझला. यादी मात्र होती तशीच, फक्त त्या ओळींच्या शेवटी एक बारीक शब्द वाढला, की ही वाट मेलेली आहे.

"म्हणजे त्याला कळलंय?" प्रशासकांनी विचारलं.

"कळलंय की. लिहून दाखवतोय."

"मग तिकडनंच कशाला पाठवतोय?"

"आपण सांगितलं होतं म्हणून. आपण सांगितलेला रस्ता हा स्वतःहून पुसत नाही. विंडोज असतं तर वायर निघाल्याबरोबर पुसलं असतं. हे लिनक्स आहे, हे धरून बसतं. आत एक सेटिंग आहे, ते केलं की मेलेल्या वाटेकडं बघत नाही. ते मी आता केलंय."

"मग झालं तर! विषय संपला."

"नाही संपला, साहेब. केलेलं सेटिंग उद्या जागेवर आहे का, हे वायर उपटल्याशिवाय कळणार नाही. इथं बसून कमांडनं बंद करून नाही कळणार. तुटणं वेगळं, बंद करणं वेगळं."

प्रशासक दमून गेले. "काय करायचं ते करा," म्हणाले, "पण पेशंट नसताना करा."

तेव्हापासून शनिवार लागला. शनिवारी दुपारी केंद्राची ओपीडी उरकली की सर आबांना फोन लावायचे. "आबा, उपसा." आबा टेबलाखाली शिरायचे, फायबरच्या वायरीला सरांनी ओळखीसाठी चिंधी बांधायला लावलेली, ती ओढायचे. वाट बदलायला किती वेळ लागतो ते सर इकडं तेलुगूत मोजायचे, "ओकटी, रेंडू, मूडू..." मग पट्टी पाठवायची. त्या ईसीजीच्या यंत्राला माणूस लागतो, छातीला वायरी चिकटवल्याशिवाय ते काही पाठवतच नाही. सिस्टरच्या मागं कामं. म्हणून आबाच टेबलाखालून निघून खाटेवर झोपायचे. सिस्टर वायरी लावायची, पट्टी निघायची, सिमच्या वाटेनं सोलापुरात यायची. सर हृदयविभागात फोन करून विचारायचे, "आली?" तिकडून "आली" म्हटलं की आबांना सांगायचे, "पोचली, आबा. वायर घाला परत." झालं.

मी सुरुवातीला हसायचे. एकदा मात्र कुठलंसं अपडेट आलं आणि त्यात ते सेटिंग गुपचूप मागं गेलं. शनिवारी वायर उपसली, पट्टी आलीच नाही. सरांनी ते शोधून नीट केलं आणि आठवडाभर ताठ मानेनं हिंडले. लग्नात मुलाकडचे हिंडतात ना, तसे. त्यानंतर मी हसणं बंद केलं.

आबांना तर शनिवार म्हणजे सण. सकाळी दाढी, स्वच्छ बनियन, कारण छाती उघडी करावी लागायची. सरांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं, पण फोनवर दोघांचं जमायचं. पट्टी झाली की सर विचारायचे, "कारखाना सुरू झाला का? ट्रॉल्या किती धावतायत?" आबा सांगायचे, "लई धावत्यात सायब. काल एकानं आमच्या शाळंची कमान बी वडली." सर खूश. मी घरी गेले की आबा पारावर सांगत बसलेले दिसायचे, "दर शनवारी सोलापूरचं मोठं डाक्तर माजं काळीज बगत्यात. तुमचं कोन बगतंय रं?" लोक हसायचे, मीही हसायचे. आबांना बढाया मारायची हौस होतीच, ही त्यातलीच एक, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

ती बढाई नव्हती. आबांना खरंच तसं वाटत होतं. आता विचार केला तर त्यांचं काय चुकलं? पट्टी कशाला काढतात? बघायला. सोलापूरला कशाला पाठवतात? डॉक्टरांनी बघायला. आणि दर शनिवारी 'पोचली' म्हणून सायब स्वतः सांगतायत. पोचलेली पट्टी कुणी उघडतच नसेल, हे त्या माणसाच्या मनात यावं तरी कसं?

कुणी उघडत नव्हतं. सरांनीच डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून शनिवारच्या पट्टीवर पेशंटच्या नावाच्या जागी 'टेस्ट' लिहायला लावलं होतं. तिकडं डॉक्टरांना ते नाव दिसलं की ते एक टिचकी मारून बाजूला करायचे. चांगल्या मनानं केलेलं सगळं. केंद्रातले डॉक्टर ओपीडी उरकून गेलेले असायचे, सिस्टरला पट्टी निघाली का एवढं बघायचं, डॉक्टरांना 'टेस्ट' बाजूला सारायचं, सरांना वाट बदलली का हे बघायचं. जो तो आपलं काम चोख करत होता.

त्या शनिवारी आबा सकाळपासून छाती भरून आल्यासारखी वाटतेय म्हणत होते. सिस्टर म्हणाली, चला, आत्ताच ईसीजी काढू. आबा म्हणाले, "शनवार हाय की आज. दुपारी काढायचाच हाय. दोनदा कशाला?" तिला पेशंटांची गर्दी, तिनंही फार ओढून धरलं नाही. दुपारी सरांचा फोन गेला, मी शेजारीच होते. आबांचा आवाज जरा खोल वाटला, पण टेबलाखालून बोलत होते, तिथून तसाच यायचा. "हां सायब, उपसली." सरांचं मोजणं मूडूपर्यंतही गेलं नाही, वाट बदलली. त्या बदलात माहितीचं एकही पाकीट वाटेत हरवलं नाही. सर खुर्चीतच उडाले. "बघा मॅडम! याला म्हणतात काम!"

पट्टी आली. तिकडून 'आली' म्हणाले.

"आबा, पोचली."

"पोचली न्हवं? मग बरं," आबा म्हणाले. "जातो जेवायला."

घरी गेले. दोन घास खाल्ले, बाजेवर पडले. आई चहाला उठवायला गेली तर ते उठले नाहीत.

सिस्टरचा फोन मला आला. मी पर्स तिथंच टाकून बाहेर पोर्चमध्ये पळाले, हॉस्पिटलचीच गाडी मिळाली. दार ओढणार तेवढ्यात सर जिन्यावरून धावत आले. धावताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं, पर्स घेऊन आले असतील. गाडीच्या खिडकीला धरून म्हणाले, "मॅडम, पट्टीत होतं. मी आत्ता उघडायला लावली. डॉक्टर म्हणाले, हा कुणाचा आहे, ताबडतोब हलवा. दुपारच्या पट्टीत सगळं होतं."

अहो, असं सांगतात का कुणी? बाप गेलेल्या पोरीला, गाडी सुटताना? मी काय बोलले ते मला आठवत नाही. ड्रायव्हर नंतर म्हणाला, ताई, तुम्ही त्यांना मारायलाच धावला होता. धावले असेन. त्या माणसाला खरं बोलायची खोड होती, आणि ती कुठं आवरायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गावापर्यंतच्या रस्त्यात मी आबांसाठी रडत होते का सरांच्या नावानं बोटं मोडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

हृदयविभागातले डॉक्टर पुढं म्हणाले, दुपारी कळलं असतं तर वाचले असते, नसतेही. हे 'नसतेही' त्यांनी माझ्याकडं बघून जोडलं. दोष कुणाचा, यावर मी पुष्कळ रात्री डोकं फोडून घेतलं. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, एकदाचं भांडून तरी मोकळी झाले असते.

दहाव्याला सर करकंबला आले. एस.टी.नं आले, एकटेच. मी त्यांच्याशी बोलले नाही. घाटावरचं आटोपून सगळे घरी आले, माणसं पांगली, तरी हे ओसरीच्या कडेला बसूनच. मला धास्ती वाटत होती ती एकाच गोष्टीची. पट्टीतलं आईला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, सिस्टरला शपथ घातली होती. आबा झोपेत गेले, हाल झाले नाहीत, कुणाला काही करता येण्यासारखंच नव्हतं, एवढ्या एका समजुतीवर ती उभी होती. तेवढं काढून घेतलं तर ती कोसळली असती, हे मी डोळ्यांनी बघत होते. आणि समोर हा माणूस बसलेला, ज्याला 'नेट गेलं' एवढं साधं वाक्यही सोडवत नाही.

मी त्यांना उठवून वाटेला लावायला निघाले, तोच आई पदर सावरत बाहेर आली. त्यांच्यासमोर बसली.

"तुमीच न्हवं का ते शनवारचं सायब?"

"हो, वहिनी. मीच."

"लई बोलायचं तुमच्याबद्दल. सायब माजं काळीज बगत्यात म्हनायचं. हितं गावात कुनाचं बगत न्हाईत, माजं बगत्यात."

सरांचा हात चष्म्याकडं गेला. चष्मा कपाळावर चढला की पुढं काय येतं, हे मला पक्कं माहीत होतं. कुणी बघतं म्हणजे कोण बघतं, पट्टी येणं वेगळं आणि पट्टी बघणं वेगळं. "सर, एस.टी. चुकेल तुमची," मी म्हणाले. कुणी लक्षच दिलं नाही.

"त्या दिवशी बी बगितलं न्हवं तुमी?" आईनं विचारलं. "काय दिसलं न्हाय ना तवा?"

सरांनी चष्मा काढला आणि हातात धरला.

"बघितलं, वहिनी," ते म्हणाले. "काही नव्हतं. चांगलं होतं."

"मंग अचानकच झालं म्हनायचं."

"अचानकच."

आईनं डोळ्याला पदर लावला. मी दाराला टेकले. त्या क्षणी मी त्यांना माफ केलं असं नाही म्हणणार, तेवढी मोठी मी नाही. पण पोर्चमधला तो माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला जड गेलं.

मग आई म्हणाली, "सायब, मंग माजं बी बगशिला का? ही सोलापुरात. मी हितं एकटीच. शनवारी जाऊन झोपते की तितं. कुनीतरी बगतंय म्हनल्यावर जिवाला तेवढंच बरं."

झालं! आता काय करतील, या विचारानं मी त्यांच्याकडं बघितलं. खोटं एकदा बोलता येतं, दर शनिवारी कसं बोलणार? सरांनी हातातला चष्मा परत डोळ्यांवर लावला. म्हणाले, "या, वहिनी. मी बघतो."

सोमवारी कामावर आल्याबरोबर ते प्रशासकांकडं गेले. शनिवारच्या पट्टीवरचं 'टेस्ट' काढायचं, झोपेल त्या माणसाचं नाव घालायचं आणि ती खऱ्या पेशंटसारखी तपासायची, म्हणाले. प्रशासक म्हणाले, डॉक्टर ऐकणार नाहीत, त्यांना आधीच कामं कमी आहेत का? सर म्हणाले, ते मी बघतो. एवढं कमी बोलून बाहेर आलेले मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. दुपारी एक सिस्टर येऊन "नेट गेलंय हो" म्हणाली, तर नुसते उठून तिच्यामागं गेले.

शनिवार आला. सिस्टरनं वायर उपसली, आता आबा नव्हते. आई खाटेवर झोपली. मला फोनवर खाट करकरल्याचा आवाज येत होता, आणि सिस्टर म्हणत होती, मावशी, हलू नका. मी सवयीनं सरांकडं बघितलं, आता मोजायला लागतील म्हणून. सर खुर्चीवर नव्हते. ते जिना चढत होते. मी मागं धावले.

हृदयविभागात डॉक्टरांच्या टेबलावर पट्टी येऊन पडली होती. डॉक्टर दुसरंच काहीतरी वाचत होते. सरांना दारात बघून म्हणाले, "आली हो तुमची. शनिवारची टेस्टच ना?"

"नाही," सर म्हणाले. "ह्यांच्या आई आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग पट्टी उघडली. सर त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत डॉक्टरांचं बोट जाईपर्यंत ते हलले नाहीत. "नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "परत एकदा बघता?" सर म्हणाले. एरवी डॉक्टर तडकले असते. त्यांनी परत बघितलं. सरांनी तिथूनच फोन लावला. "वहिनी, बघितलं. चांगलं आहे. उठा आता."

जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, इतक्या दिवसांत नीट बोलले नव्हते. मग सुचलं तेच विचारलं. "सर, वाट बदलली का, लगेच? किती पाकिटं गेली?"

ते पायरीवर थांबले. "ते बघायचं राहिलं, मॅडम," म्हणाले.